चौतीस पेट्यांची यादी

वाचनालयात शिरताना गुणाजी घाडी चपला दाराबाहेर काढत. बाकी कुणी काढत नसे.

माउसला हात लावण्याआधी उजवा तळवा सदऱ्यावर दोनदा पुसत.

पेपर वाचून झाला की त्याची अशी घडी घालत की पुढच्या माणसाला वाटावं, हा आपणच पहिल्यांदा उघडतोय.

माणसाची ओळख गिरणीतल्या तिकीट नंबरावरून देत. “चारशे बाराचा धाकटा नाही का, तो आता पोस्टात आहे.”

चहा कंप्युटरच्या टेबलापाशी कधी आणत नसत. खिडकीशी उभं राहून पीत आणि पिऊन झाल्यावर ओठ पुसून मगच खुर्चीकडे वळत.

पडद्यावर जोडाक्षर बरोबर उमटलं की मान किंचित हलवत. ‘ज्ञ’ पहिल्यांदा जमला त्या दिवशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं, कुणी बघतंय का म्हणून.

मृणालिनी बघत होती. लालबागच्या त्या वाचनालयात ती दुपारी तीन ते सहा बसायची. मराठी घेऊन एम. ए. झालेली, राहायला गिरगावात. पुस्तकांची नोंद करायची आणि कोपऱ्यातल्या एकुलत्या कंप्युटरवर म्हाताऱ्या माणसांना मदत करायची, असं तिचं काम. आपल्याला माणसं नीट बघता येतात असं तिला वाटायचं. गुणाजीकाकांच्या सवयी तिने एका वहीत लिहूनही ठेवल्या होत्या. पुढे तिला त्या वहीचीच लाज वाटली.

चपलांचं कारण तिने विचारलं होतं. काका गिरणीत घडी खात्यात होते. तिथे तयार कापड फळ्यांवर पसरलेलं असे, म्हणून सगळे अनवाणी वावरत. “पांढऱ्या कापडावर पाय उमटला तर मुकादम तोच पाय मागायचा,” काका म्हणाले. “कंप्युटर पण पांढराच आहे तुमचा.”

ते सहासष्ट साली देवगडकडच्या गावातून आले, अठराव्या वर्षी. गावाची लालबागला एक खोली होती. गावकीची खोली. दहा बाय बाराची, आणि तिच्यात चौतीस माणसं. तीन पाळ्यांमुळे मावत. एक झोपायचा, दुसरा कामावर, तिसरा गॅलरीत. प्रत्येकाला भिंतीवरच्या फळीवर एका पेटीची जागा. माणसाचा मुंबईतला संसार तेवढाच.

पेट्यांवर नावं घालून भागत नव्हतं. गावात निम्मे घाडी, आणि खोलीत धोंडू घाडीच तीन. तेव्हा गावकीने ठरवलं की पेटीवर गिरणीचा तीन-चार आकडी तिकीट नंबर रंगवायचा. हे काम गुणाजींकडे आलं. खोलीचा कारभारी म्हणून पुढे त्यांनाच नेमलं.

घडी खात्यातून त्यांना गाठी बांधायच्या प्रेसवर घेतलं. कापडाचे तागे रचायचे, वरून दाब द्यायचा, तरट शिवायचं, लोखंडी पट्ट्या आवळायच्या. चौऱ्याहत्तर साली प्रेसने त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं पेर नेलं. गाठी बांधणं जमत राहिलं. लिहिणं गेलं. मूळचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात पेन धरता येईना. सही करताना ते पाठ फिरवून करत. बायकोला पत्र लिहायचं तर दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे काय लिहायचं ते आधीच आटोपतं घ्यावं लागे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. माणसं गावी निघाली. दोन महिन्यांत मिटेल म्हणाली. काहींनी पेट्या नेल्या, काहींनी परत येण्याच्या बोलीवर ठेवल्या. गुणाजी खोली सांभाळत राहिले. नंतर शिवडीला एका गोदामात गठ्ठे बांधायला लागले, ते बावीस वर्षं तिथेच. फळ्या हळूहळू मोकळ्या झाल्या. शेवटी खोलीत ते आणि दत्तू परब, असे दोघेच उरले.

आणि मग गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले.

संघटनेच्या कचेरीने सांगितलं, आपापल्या गावच्या माणसांची यादी द्या. नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर, वारस. तिकीट नंबर असला तर गिरणीच्या जुन्या पुस्तकात माणूस सापडेल, नसला तर शोधायला आमच्याकडे माणसं नाहीत. आणि कागद नकोत. कागदांना इथे पाय ठेवायला जागा नाही. टाइप करा, कागदपत्रांचे फोटो जोडा, सगळं एका फाईलीत बांधा आणि मेल करा. मुदत एकतीस जानेवारी.

चौतिसांपैकी पंचवीस माणसं वारली होती. गावी त्यांच्या बायका होत्या, मुलं होती, पण कागद फारसे कुणाकडे उरले नव्हते. पुरात गेले, वाळवीने खाल्ले, चूल पेटवायला लागले. सगळे नंबर फक्त गुणाजींच्या डोक्यात होते.

“मी करतो,” त्यांनी गावकीला फोनवर सांगितलं. “कंप्युटर येतो माका.”

येत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले आणि मृणालिनीला म्हणाले, “मॅडम, एक शिकवाल काय?”

महिन्याभरात मॅडमची बाय झाली. एका बोटाने, तेही डाव्या हाताच्या, काका टाइप करायचे. दोन तासांत तीन नावं व्हायची. पण अक्षर कसं, छापल्यासारखं. “ह्यात माझा आणि साहेबाचा अक्षर एकच,” ते म्हणाले. “पन्नास वर्षांपूर्वी काढायला हवी होती ही वस्तू.”

त्यांची यादी अकारविल्हे नव्हती. ती खोलीच्या भिंतीच्या क्रमाने चालली होती. दारापासून सुरुवात, खालची फळी मोरीपर्यंत, मग वरची फळी मोरीकडून दाराकडे. काका डोळे मिटायचे, पेटी बघायचे, नंबर वाचायचे आणि टाइप करायचे. मधूनच एखादा नंबर विचारला तर सांगता येत नसे.

“बोलता बोलता येतो तो येतो, विचारला की नाही येत,” ते म्हणायचे. “एकेक पेटी बघत जावं लागतं. उडी मारली की सगळ्याच पुसट होतात.”

हे एकदा रखमाबाईंसमोर झालं. रखमा घाडी अँटॉप हिलहून आल्या होत्या. त्यांचा नवरा धोंडू साचे खात्यात, मागावर होता, एक्याण्णव साली गेला. त्या मुलीकडे राहत, म्हणजे जावयाच्या घरात, स्वयंपाकघरात झोपत. सकाळी जावई चहाला यायच्या आत अंथरूण उचलावं लागे. अकरा वर्षं तसंच चाललं होतं.

“भावजी, नंबर तेवढो सांगा,” त्या म्हणाल्या. “मी पदराक गाठ मारून ठेवतंय.”

“तुझ्या घरकाराची पेटी सत्ताविसावी. अजून नववीवर आहे मी.”

“म्हणजे मी तोवर जगूक व्हया.”

“जग गो. घाई कसली आहे तुला?”

“जावयाक आसा.”

तिघंही हसले. मृणालिनीने त्यांना पाणी दिलं. जाताना रखमाबाईंनी तिच्या हातावर चार चिकू ठेवले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात यादी एकोणीसपर्यंत आली. कागदपत्रांचे फोटोही साठले होते, ज्यांच्याकडे काही उरलं होतं त्यांचे. सगळं एका फोल्डरात होतं. फोल्डर जड झाला होता, मेलला जोडला जाईना. तेव्हा मृणालिनीने काकांना दाखवलं. फोल्डरवर उजवं बटण दाबायचं, ‘सेंड टू’वर जायचं, ‘कम्प्रेस्ड फोल्डर’ निवडायचं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, हे कंप्युटरमध्येच असतं. पिवळ्या फोल्डरला चेन लागल्यासारखं चित्र आलं, म्हणजे झिप.

“गाठ बांधली म्हणजे,” काका म्हणाले.

“तसंच.”

“प्रेस आतच बसवलाय. बरं आहे.”

पुढच्या मंगळवारी, सव्वीस तारखेला, मृणालिनीचा कॉलेजातला मित्र जगदीश वाचनालयात आला होता. तो अंधेरीला एका कंप्युटर कंपनीत होता. काका तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“बाय, गाठ काही लहान होत नाही. चारदा दाबली.”

ती उठून बघायला गेली, जगदीश मागोमाग. काकांनी फोल्डर झिप केला होता. तो लहान झाला नाही म्हणून झिपची झिप केली होती. मग तिची. मग तिची. एक उघडली की आत दुसरी, दुसरी उघडली की आत तिसरी.

“पहिल्या दाबात हवा जाते,” काका समजावून सांगत होते, “दुसऱ्या दाबात कापड बसतं. आमच्याकडे दोनदा दाबल्याशिवाय पट्टी लावत नसत.”

जगदीश म्हणाला, “काकांनी कांदा केलाय कांदा. सोलत बस आता.”

मृणालिनीला हसू फुटलं. थांबवता येईना. तिने टेबलाची कड धरली. “काका, ही काय कापडाची गाठ आहे? फोटो आधीच दाबलेला असतो. शंभर वेळा दाबलात तरी तेवढाच राहणार. उद्या कंप्युटरवर उभे राहाल तुम्ही.” वाचायला बसलेली दोन माणसंही हसली.

काकाही हसले. तोंड मिटून. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

मग तिने पटापट सगळं निस्तरलं. एकच झिप ठेवली. “मूळ फोल्डर उडवते हं, नाहीतर परत गोंधळ कराल. आता सगळं ह्यात आहे. ह्याच्यावर दोनदा टिचकी मारली की उघडतं. फोटो मी शेवटी लहान करून देईन. तुम्ही फक्त यादी पुरी करा.”

एवढं सांगून ती जगदीशबरोबर चहाला गेली. अजून एक वाक्य सांगायचं होतं. झिपमधली फाईल नुसती बघायला ठीक, पण तिच्यात लिहायचं असेल तर आधी ती बाहेर काढायची, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ म्हणायचं. कारण आतूनच उघडली तर कंप्युटर एक तात्पुरती प्रत पुढे करतो. माणूस त्या प्रतीवर लिहितो, ती जतन करतो, आणि झिपमधली फाईल होती तशीच राहते. हे तिला माहीत होतं. नंतर सांगू म्हणाली होती. मग विसरली.

काका नेमाने येत राहिले. मंगळवार आणि शनिवार. पण टेबलापाशी येऊन उभे राहणं बंद झालं. मृणालिनीला वाटलं, आता त्यांना जमायला लागलं. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला. मधून ती विचारायची, “काका, कुठवर आलं?”

“चाललंय.”

कधी ती बघायची तर फाईल उघडून ते नुसते बसलेले असत. डाव्या हाताचं बोट पडद्यावर एकेका ओळीवरून खाली नेत, मोजत. पुन्हा वरपासून मोजत. तिला वाटायचं, आपलं छापील अक्षर बघून माणूस सुखावतोय. हेही तिने वहीत लिहिलं.

नोव्हेंबरात एकदा ते जाता जाता थांबले.

“बाय, हा कंप्युटर कधी विसरतो काय?”

“नाही काका. कंप्युटर विसरत नाही, माणसं विसरतात,” ती म्हणाली. पुस्तकावर शिक्का मारत होती, मान वर केली नाही.

“बरोबर,” काका म्हणाले.

डिसेंबरात ते वाळले. दाढी दोन दोन दिवसांची राहू लागली. रखमाबाईंचा फोन यायचा तेव्हा ते बाहेर पायरीवर जाऊन बोलत. “होतंय. होतंय गो. पोचतंय मी.” पण टाइप करण्याचा वेग मात्र वाढला होता. बोट आता कळफलकावर शोधत नव्हतं, ठरलेल्या जागी पडत होतं.

पंधरा जानेवारी, शनिवार. मृणालिनी आणि जगदीश यांना दादरला नाटकाला जायचं होतं. साडेपाचपासूनच तिने खिडक्या लावायला घेतल्या. पावणेसहाला पंखे बंद केले. काका एकटेच होते.

“काका, आटपा.”

“दोन मिनिटं, बाय.”

पाच मिनिटांनी ती पुन्हा गेली. पर्स खांद्याला लावूनच. “काका, मंगळवारी करा ना. यादी कुठे पळून जातेय?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते असं तिला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“बरं,” ते म्हणाले. जतन करायचं बटण दाबलं, नाव घातलं, उठले. खुर्ची आत सरकवली. तिने मागून वाकून कंप्युटर बंद केला.

सोमवारी सकाळी गुणाजी घाडी खोलीतल्या मोरीत तोंड धुताना पडले. दत्तू परबांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. रात्री गाडी करून गावी नेलं. मृणालिनीला यातलं काही कळलं नाही. मंगळवारी ते आले नाहीत तर तिला वाटलं, झाली असेल यादी.

शनिवारी दत्तू परब आले. ते गिरणीत कधीकाळी सूत कातायच्या थ्रॉसल खात्यात होते, आता कानाने कमी. दारातच उभे राहिले आणि मोठ्या आवाजात सगळं सांगितलं, वाचणारे माना वर करून बघू लागले. मृणालिनी उभीच राहिली. ती फक्त “बसा” म्हणाली. एवढी पुस्तकं वाचली होती.

“यादी तेवढी धाडून दे,” दत्तू म्हणाले. “एकतीस तारीख. त्याच्या जिवाक तोच घोर होतो.”

तिने कंप्युटर लावला. झिप उघडली. यादी उघडली. एकोणीस नावं.

तिने पुन्हा मोजली. एकोणीसच. फाईलची तारीख पाहिली. सव्वीस ऑक्टोबर.

“तीन महिने काय करत होते मग?” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. दत्तूंना ऐकू यावं म्हणून आवाज चढवावा लागत होता, आणि रागही आला होता. बावीस जानेवारी उजाडली होती. पंधरा नावं बाकी, आणि सांगणारा माणूस नाही.

दत्तू बाकावर बसले. 

“तुका सांगूक हरकत नाय आता,” ते म्हणाले. “माका त्यान एक दिवस विचारल्यान, दत्तू, माणूस येडो होताना पयलां काय होता रे? मी म्हटलंय, असां काय बोलतंस? तर तो म्हणालो, मी नावां घालतंय आणि दुसऱ्या दिवशी ती नसतत. घातलंय असां वाटता, पण नसतत. म्हणजे मी घालूकच नाय. डोक्यात फकस्त घातलंय.”

“मग मला का नाही विचारलं?”

“मीय ताच म्हटलंय. त्या पोरीक विचार. तर तो म्हणालो, तिका काय सांगू? गुणाजी विसराक लागलो म्हणून? मगे नंबर कोण खरे मानतलो? ही सगळी यादी माझ्या आठवणीवर उभी आसा.” दत्तू थांबले. “आणि तो म्हणालो, आधीच एकदा हसली ती.”

मृणालिनी बाहेर पायरीवर गेली आणि तिने जगदीशला फोन लावला. एकोणीस नावांचं सांगितलं.

“झिपमधूनच उघडून लिहीत होते का?” त्याने विचारलं. “एक्स्ट्रॅक्ट न करता?”

“मी सांगितलंच नव्हतं.”

 तो म्हणाला, “तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरात बघ. ते मशीन कुणी साफ करत नसेल तर असतील तिथे. मी सांगतो कसं जायचं.”

होत्या. एकवीस फाईली. झिपमधून उघडलेली प्रत त्याच नावाने जतन होत नाही, कंप्युटर नवं नाव मागतो. काकांनी प्रत्येक वेळी तारीख घातली होती. ३० ऑक्टोबर. २ नोव्हेंबर. ९ नोव्हेंबर. दिवाळीची एक खेप चुकली होती, नाताळची एक.

तिने पहिली उघडली. एकोणीस नावं, खाली विसावं जगन परब, एकविसावं आनंदा गुरव. मग फाईल संपली. दुसरी उघडली. एकोणीस नावं, खाली विसावं जगन परब, एकविसावं आनंदा गुरव, बाविसावं अर्धं. तिसरी उघडली. एकोणीस, आणि खाली जगन परब.

एकवीस वेळा जगन परब. पहिल्या फाईलीत ‘वारस’चा स चुकला होता. पाचवीत सुधारला होता. दहावीत एकही चूक नव्हती.

चार डिसेंबरच्या फाईलीत शेवटी एक ओळ होती, यादीत न बसणारी. ‘आज विसापासून परत. लक्षात ठेवणे.’

सात डिसेंबरच्या फाईलीत ती ओळ नव्हती. कुठून असणार?

अठ्ठावीस डिसेंबरच्या फाईलीत होतं, ‘जतन केले. दोनदा दाबले. डोळ्यांनी बघितले.’

मृणालिनीने खुर्ची मागे सरकवली. दत्तू परब बघत होते. तिला त्यांच्याकडे बघता येईना. शेवटी ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने सांगितलं. काकांचं डोकं शाबूत होतं. नावं त्यांनी घातली होती, प्रत्येक वेळी घातली होती. चूक आपली होती. आपण अर्धंच शिकवलं, आणि हसलो.

दत्तूंना निम्मंच ऐकू आलं असावं. “म्हणजे येडो नव्हतो तो?” त्यांनी विचारलं.

“नव्हते.”

“मी म्हटलेलंय त्याका,” दत्तू म्हणाले. मग ते रडले.

शेवटच्या खेपेत काका सगळ्यात पुढे गेले होते. तीच सात नावं महिनोन्‌महिने टाइप करून बोट तयार झालं होतं, म्हणून पंधरा जानेवारीला ते सव्विसाव्या पेटीपर्यंत पोचले. मृणालिनीने ती फाईल घेतली. फोटो लहान केले. पुढच्या आठ पेट्यांसाठी गावी फोन केले. कुणाच्या मुलाला खातं माहीत होतं, कुणाच्या बायकोला मुकादमाचं नाव माहीत होतं. नंबर कुणालाच नाही. दत्तूंना फक्त स्वतःचा आठवत होता, तो आधीच यादीत होता. चौतिसावी पेटी काकांची स्वतःची. त्यांचे कागद होते, त्यामुळे तेवढा एक नंबर मिळाला. सात राहिले.

अठ्ठावीस तारखेला रखमाबाई आल्या. पिशवीत नवऱ्याचा एक फोटो होता, गॅलरीत उभा, मागे खोलीचं उघडं दार. त्यांनी तो टेबलावर ठेवला. “ह्यात दिसता काय बघ पेटी.”

मृणालिनीने तो कंप्युटरवर घेऊन मोठा केला. दारातून फळी दिसत होती. फळीवर धोतर वाळत घातलेलं होतं.

“भावजींनी घातल्यानी मां ह्यांचा नाव?” रखमाबाईंनी विचारलं.

सांगायचं ठरवूनच ती बसली होती. दोन मिनिटं मागितली होती त्यांनी, मी दिली नाहीत, असं वाक्यही तयार होतं. पण रखमाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“नाव घातलं आहे,” ती म्हणाली. “नंबरापर्यंत त्यांना वेळ मिळाला नाही.”

“असांदे,” रखमाबाई म्हणाल्या.  “तू तरी काय करतलंस, बाय? तू शिकवलंस म्हणून एवढां तरी झालां.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग फोटो पिशवीत ठेवला आणि अँटॉप हिलची बस किती वाजता असते ते विचारलं.

मृणालिनीने वेळ सांगितली. दुसरं काही सांगितलं नाही.

एकतीस तारखेला दुपारी तिने यादी बांधली, एकदाच दाबून. सत्तावीस नंबर पूर्ण होते. उरलेल्या सात पेट्यांपुढे तिने नाव आणि खातं लिहिलं आणि नंबराची जागा मोकळी सोडली. कचेरीतून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सत्तावीस नावं तपासायला घेतली आहेत. बाकीची नंबर मिळाल्यावर पाठवावीत.

पंधरा जानेवारीची फाईल तिने वेगळी ठेवली आहे, झिपच्या बाहेर. तिच्यात सव्विसाव्या नावाखाली काकांनी लिहिलेली शेवटची, अर्धवट ओळ अशी आहे:

२७) धोंडू सोमा घाडी. वरची फळी. साचे खाते, रात्रपाळी. वारस रखमा, पत्नी. तिकीट नंबर ७३